रेशमी इराणी जानमाज : नमाजासाठी की भिंतीसाठी? आणि विणले कोणी?

रेघोट्या
नमस्कार मंडळी,
सासूबाईंच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून एक गालिचा निघाला आहे, जानमाज म्हणजे नमाजाला अंथरतात त्या घाटाचा. साधारण चार बाय सहा फूट. वर कमान, कमानीत टांगलेला दिवा, दोन्ही अंगांना खांब, खाली फुलझाड. हाताला गार आणि सुळसुळीत. एका टोकाकडून बघितला तर डाळिंबी, उलट बाजूला जाऊन बघितला तर चक्क काळपट. कोपऱ्यात फारशी आकड्यांत १३३० विणलंय. सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात मुंबईत घर मोडणाऱ्या एका कुटुंबाकडून घेतला होता. देताना त्यांनी "काशानचा आहे, मोहतशमचा, जुना" असं सांगितलं होतं म्हणे.

त्यावर थोडं वाचलं आणि गोंधळ वाढला. इतका नाजूक रेशमी गालिचा रोज पाच वेळा गुडघे टेकायला कोण वापरेल? आणि हा मोहतशम एकटा माणूस असेल तर त्याच्या नावावर एवढे गालिचे कसे? विकायचा वगैरे नाहीये, पण काय आहे ते कळलं तर बरं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस
प्रकाश टाकू नका, रेशमाचा रंग उडतो.

जुनाबाजार
तिरकसराव विनोद करून खरं बोलून गेले. संग्रहालयांत जुनं कापड ५० लक्सच्या, म्हणजे मंद उजेडाच्या, आसपास ठेवतात ते यासाठीच. रेशीम उन्हाने नुसतं फिकं पडत नाही, तंतूच कुजतो.

आता मुद्द्यावर. एका टोकाकडून उजळ आणि दुसऱ्याकडून गडद दिसणं चांगलं लक्षण आहे. लव, म्हणजे गाठींचे वर आलेले धागे, एका दिशेला झुकलेली असते, त्यामुळे तसं होतं. पण मर्सराइज्ड, म्हणजे रसायनाने चमक आणलेला, सुती गालिचाही तसाच चमकतो, आणि तुर्कस्तानात कायसेरीला तसले कमानीचे गालिचे ढिगाने झाले. तेव्हा आधी दशांतला एक धागा काढून जाळा. रेशीम केसासारखं जळतं, वासही तोच, आणि मागे चुरडली जाणारी काळी गुठळी राहते. सूत किंवा रेयॉन असेल तर कागद जळल्याचा वास येतो.

बाकी मोहतशम म्हणाल तर हाजी मुल्ला हसन मोहतशम हा इराणातल्या काशान शहरातला १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला उस्ताद. मँचेस्टरहून येणाऱ्या मऊ मेरिनो लोकरीच्या कामासाठी काशानचं आणि त्याचं नाव झालं, रेशमीही त्याच्याकडे होत असत. त्याचं नाव विणलेले गालिचे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. बाकी सगळे "मोहतशम" हे दर्जा बघून व्यापाऱ्यांनी चिकटवलेलं लेबल. तब्रिझच्या हाजी जलिलीचंही तेच.

हिशेबनीस
तारखेचं बघू. १३३० हिजरी चांद्र धरलं तर १९११-१२ येतं. पण इराणने १९२५ मध्ये सौर हिजरी सरकारी केली. सौर १३३० म्हणजे १९५१-५२. आकडा तोच आणि वय चाळीस वर्षांनी कमी. विकणारा अर्थातच चांद्र धरतो.

शिवाय आकड्यावर फार विसंबू नये. दुसरा आकडा उसवून तिथे नव्या गाठी बसवायच्या आणि १३ चं १२ करायचं, हा या धंद्यातला जुना उद्योग. उलट बाजूने बघा, आकड्याच्या आसपास रंगाची छटा किंवा गाठींची ओळ बिघडलेली दिसते का.

रेघोट्या
दशा जाळून बघितली. कागदाचा वास. :(

तिरकस
सासूबाई घरात असताना जाळलीत का? तुमच्या धैर्याला सलाम.

जुनाबाजार
रेघोट्याताई, हिरमुसू नका. दशा म्हणजे उभ्या ताण्याची टोकं. ताणा सुती आणि लव रेशमी असा प्रकार भरपूर होतो. आता मागच्या बाजूने, कडेला, एक सैल झालेली गाठ शोधा आणि तिचं टोक अर्ध्या शेंगदाण्याएवढंच कापा. मधोमध कात्री लावू नका.

आणि एक काम करा, मागच्या बाजूला पट्टी धरून एका इंचात आडव्या किती आणि उभ्या किती गाठी, ते मोजा.

मुक्काम_दोहा
तोवर थोडं अवांतर. मराठी माणसाचा या विषयाशी संबंध काय, असं कोणी विचारलं तर बडोद्याचे खंडेराव गायकवाड! त्यांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवून घेतला. विणलेला नव्हे, रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर बसऱ्याचे बारीक मोती टाचलेला. मदिनेत पैगंबरांच्या कबरीसाठी तो करवला अशी परंपरागत माहिती आहे. पोहोचला मात्र नाही, बडोद्यातच राहिला. २००९ मध्ये इथे दोह्यात लिलावात ५४ लाख डॉलरच्या वर गेला आणि आता कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी पाहिलाय. मोती कमी आणि काचेसमोर फोटो काढणारे जास्त दिसतात, पण नक्षी अस्सल गालिच्याची आहे, वेलबुट्टी आणि किनार धरून.

गोधडी
मुक्काम_दोहा, हे माहीतच नव्हतं. हिंदू राजा मदिनेसाठी गालिचा करवतो, यावर स्वतंत्र लेख येऊ दे.

अरभाट
अवांतरात माझीही भर. येरवडा कारागृहातले गालिचे एकेकाळी परदेशी जात. कैद्यांकडून इराणी आणि विजापुरी नमुन्यांच्या नकला करवून घेत. आजोबांच्या पिढीत पुण्यातल्या बऱ्याच बंगल्यांत "येरवड्याचा" गालिचा असायचा. रेघोट्या, तुमचा तिथला नसेल ना?

जुनाबाजार
नाही हो अरभाट, येरवड्याचं काम लोकर आणि सुताचं, जाड. हे रेशमी प्रकरण वेगळं.

रेघोट्या
लव जाळली. केसांचा वास, काळी गुठळी. :) म्हणजे रेशीम!
गाठी इंचाला १८ आडव्या आणि १८ उभ्या. भिंगाने तीनदा मोजल्या, नवऱ्याने शेजारी बसून प्रत्येक वेळी वेगळा आकडा सांगितला.

जुनाबाजार
१८ बाय १८, रेशमी लव, सुती ताणा. ताई, मला श्रीनगरचा वास येतोय. काश्मिरात १८ बाय १८ हे अगदी ठरलेलं माप आहे, आणि रेशीम-सुती जोडीही तिथलीच. काशान, कुम, इस्फहान सगळ्यांच्या नकला तिथे उत्तम होतात.

हिशेबनीस
असहमत. तब्रिझमध्ये साधारण सात सेंटिमीटरमध्ये किती गाठी यावरून "रज" मोजतात. इंचाला १८ म्हणजे जवळजवळ ५० रज, आणि ५० रज हा तब्रिझचा सर्रास मिळणारा दर्जा. नुसत्या मापावरून श्रीनगर गाठता येत नाही. गाठीचा प्रकार बघा. तब्रिझ आणि हेरिझला दोन्ही धाग्यांना सारखा वेढा देणारी तुर्की गाठ. काशान, कुम, काश्मीर इथे एका धाग्याला पूर्ण वेढा आणि दुसऱ्याच्या नुसतं मागून जाणारी फारशी गाठ. लव दोन बोटांनी आडवी फाकवून मुळाशी बघायचं.

आणि सगळ्यांच्या माहितीसाठी : चार बाय सहा फूट म्हणजे ३,४५६ चौरस इंच, गुणिले ३२४, म्हणजे ११ लाख १९ हजार ७४४ गाठी. चांगला हात दिवसाला आठेक हजार बांधतो धरलं तर एकट्याला १४० दिवस, सुट्टी न घेता.

तिरकस
आणि हिशेबनिसांना हा हिशेब करायला चार मिनिटं. वेगळंच कौशल्य.

नानबा
हिशेबनीस म्हणतात ते एकट्याचं. पण असे गालिचे एकटं कोणी विणत नसे. कामानिमित्त काही वर्षं इराणात काढली, काशानला बऱ्याचदा जाणं व्हायचं. तिथे जुन्या घरांत अंगणाला लागून खोली, खोलीत उभा माग, आणि मागाच्या फळीवर दोन-तीन बायका शेजारी शेजारी बसलेल्या. माग वर सरकत नाही, फळीच गालिच्याबरोबर वर चढवत नेतात. सुरुवातीला जमिनीलगत बसलेली बाई शेवटी छताच्या जवळ. गाठ बांधली की धागा ओढून छाटायचा, ओळ संपली की आडवा धागा घालून लोखंडी दात्यांच्या फणीने ठोकायचं. ठोकण्याचा आवाज गल्लीतून ऐकू यायचा.

माझ्या डोक्यात जास्त राहिलं ते नक्शाखानांबद्दल ऐकलेलं. नक्षीचा चौकटीचा कागद समोर न ठेवता एकजण मोठ्याने रंग आणि गाठी गाऊन सांगायचा, विणणारे तसं बांधायचे आणि उत्तरादाखल ओळ परत म्हणायचे. एकाच वेळी दोन मागांवर एकच नक्षी चढवायची असेल तर हा प्रकार फार सोयीचा. काश्मिरात तालीम म्हणतात तीही याच जातीची, फक्त तिथे सांकेतिक लिपीत लिहिलेली चिठ्ठी वाचून सांगतात.

काशानची गालिचा-विणकला २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. शहरातल्या दर तीन माणसांत एक या कामात, आणि त्यात दोन तृतीयांशाहून जास्त बायका, असं तेव्हाच्या नोंदीत आहे. शिकवणं आई आणि आजीकडून मुलीकडे. आता मला सांगा, गालिच्यावर नाव कोणाचं? उस्तादाचं किंवा ज्याने करवून घेतला त्याचं. बाईचं नाव मी एकाही जुन्या गालिच्यावर पाहिलेलं नाही.

गोधडी
नानबा, जबरदस्त प्रतिसाद. पैठणीच्या काठावर तरी कुठे विणकराचं नाव असतं म्हणा.

शिल्पकार_मनाचा
पण सही असतेच की कधी कधी. अर्दबिलचा गालिचा घ्या, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला. त्यावर हाफिजच्या दोन ओळी आहेत, तुझ्या उंबरठ्यावाचून मला जगात आसरा नाही अशा अर्थाच्या, आणि खाली "दरगाहचा सेवक मकसूद काशानी याचे काम, ९४६", हिजरी सन, म्हणजे इसवी १५३९-४०. आपल्या नामदेवांच्या पायरीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १८९३ मध्ये २,००० पौंडांना घेतला, विल्यम मॉरिसने शिफारस केली होती. जानमाज नाही तो, साडेदहा मीटर लांबीचा अवाढव्य गालिचा आहे, आणि लव लोकरीची, ताणा-बाणा रेशमी.

नानबा
मकसूदने स्वतः गाठी बांधल्या असतील असं वाटतं का तुम्हाला? एवढ्या मापाला आठ-दहा माणसं मागावर लागतात. तो आराखडा करणारा किंवा देखरेख करणारा. "काम" म्हणजे कारखान्याचं काम. मी म्हणतो तेच तुम्ही सांगताय.

शिल्पकार_मनाचा
मान्य, पण मंदिरावर स्थपतीचं नाव असतं म्हणून दगड फोडणाऱ्याचा अपमान होत नाही.

नानबा
अपमान कुठे म्हटलं मी? लिलावात "मोहतशम" या शब्दाने किंमत वाढते आणि त्यातली एकही गाठ त्याने बांधली होती का हे कोणी विचारत नाही, एवढंच.

न्यूजर्सीकर
लिलावाचा विषय निघालाच आहे तर कमानीच्या गालिच्यांचं सगळ्यात मजेदार भांडण सांगतो. जॉर्ज साल्टिंग नावाचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला लंडनवासी संग्राहक होता. त्याच्या नावाने गालिच्यांचा एक गटच ओळखला जातो. रेशमी ताणा, लोकरीची लव, जरीकाम, काठाला कुराणातल्या आयती किंवा कविता. यातले बरेचसे कमानीचे, आणि मोठा साठा इस्तंबूलच्या टोपकापी महालात. रंग इतके ताजे की निम्मं विसावं शतक तज्ज्ञ म्हणत राहिले, हे १९व्या शतकातलं तुर्की काम, सोळाव्या शतकाचं असणं शक्य नाही. मग रंगांची आणि बांधणीची तपासणी होत गेली आणि पारडं फिरलं. आज बहुतेकजण ते सफवी राजवटीतल्या इराणचे मानतात. ताजे का? कारण कोठारात घडी करून पडले होते. १५६७-६८ मध्ये इराणच्या शाह तहमास्पच्या वकिलातीने नव्या तुर्की सुलतानासाठी नेलेल्या नजराण्यात गालिचे होते, त्यातले काही हे असावेत असा एक अंदाज आहे.

शंका घेणाऱ्यांचंही काही चुकलं नव्हतं. १९०० च्या आगेमागे इस्तंबूलच्या कुमकापी भागात आर्मेनियन उस्ताद नेमक्या याच गालिच्यांच्या नकला रेशीम आणि जर वापरून करत होते. झारेह पेन्यामिन, हागोप कापूजियान. आज त्या नकलाच स्वतंत्रपणे लाखो डॉलरना जातात.

तिरकस
म्हणजे अस्सलाला नकली समजले आणि नकली अस्सलाच्या भावात गेली. रेघोट्याताई, गालिचा सांभाळून ठेवा, श्रीनगरचाही दिवस येईल.

हिशेबनीस
आणि ज्यांना "पोलोनेज" म्हणतात ते सतराव्या शतकातले रेशमी-जरीचे गालिचे तर पोलंडचे नाहीतच. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात एका पोलिश घराण्याने मांडले, त्यावर राजचिन्हं दिसली आणि लोकांनी गाव ठरवून टाकलं. प्रत्यक्षात काम शाह अब्बासच्या काळातल्या इस्फहान आणि काशानचं. पोलंडच्या राजाने १६०१ मध्ये मुरातोविच नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याला खास काशानला धाडून असे गालिचे करवून घेतले होते.

शिरीन_रत्नांग्री
धागा उशिरा पाहिला. मूळ प्रश्न बाजूलाच राहिला की! नमाजासाठी होते की नाही?

आमच्याकडे कोकणात रोजच्या वापराला सुती किंवा मखमली जानमाज, बहुतेक कोणीतरी हजहून आणलेले. नमाज झाली की आई त्याचा एक कोपरा दुमडून ठेवते, का ते विचारलं की प्रत्येक घरात वेगळं उत्तर. रेशमाचं म्हणाल तर पुरुषांनी अंगावर नेसायला मनाई आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. अंथरण्याबद्दल जुन्या फकिहांत, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांत, मतभेद आहेत. काहींनी चालवून घेतलं, बऱ्याच जणांनी नाही. त्यातून इराण शिया. ते कपाळ टेकतात ते मातीच्या छोट्या वडीवर, म्हणजे मोहरवर, करबलाची माती असली तर उत्तम. सजदा, म्हणजे कपाळ टेकणं, मातीवर किंवा मातीतून उगवलेल्या, पण खाण्या-नेसण्यात न येणाऱ्या वस्तूवर. त्यामुळे गालिचा रेशमी असो की लोकरीचा, कपाळाला तो लागत नाहीच.

माझ्या मते कमान असली म्हणून प्रत्येक गालिचा नमाजाचा ठरत नाही. श्रीमंताच्या भिंतीवर, भेटीत, आणि १८७० नंतर युरोपच्या दिवाणखान्यात जायला तो सुंदर आकार होता.

जुनाबाजार
शिरीनताईंना +१. आणि हे गालिच्याच्या अंगावरही वाचता येतं. खरोखर वापरलेल्या लोकरीच्या जानमाजवर झीज ठरलेल्या जागी असते : खाली पावलांची जागा, जरा वर दोन गुडघ्यांची, आणि कमानीखाली तळहातांची. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या रेशमी तुकड्यांत तशी झीज क्वचित. त्यांची वरची कड मात्र बघण्यासारखी असते. कड्या अडकवल्याच्या खुणा, खिळ्यांची भोकं आणि त्याभोवती गंजाचे डाग, अस्तराची जुनी शिवण, आणि स्वतःच्याच वजनाने ताणून वरची दोन-तीन बोटं जागा तिरकी झालेली.

रेघोट्याताई, तुमच्याचं काय दिसतं?

रेघोट्या
वरच्या कडेला मागून जाड पट्टी शिवलेली आहे आणि पट्टीवर पाच पितळी कड्या. आम्हाला वाटलं वाळत घालायला. :) गुडघ्यांच्या जागी काहीच झीज नाही. लव फाकवून बघितली, मला तरी गाठ एकाच धाग्याला पूर्ण वेढा घेतलेली दिसते. म्हणजे तब्रिझ बाद?

हिशेबनीस
बहुतेक बाद. मी माघार घेत नाही, पण तब्रिझवर पैजही लावणार नाही.

जुनाबाजार
काशान किंवा काश्मीर. तारखेचे आकडे जरा जाडसर किंवा वेडेवाकडे असतील तर काश्मीरकडे झुकेन. नकलाकार मूळ गालिच्याची अक्षरं नक्षी म्हणूनच उतरवतात, तारीखसुद्धा.

रेघोट्या
तीन आकडे नीट आहेत, शून्याच्या जागी चौकोन आहे. फारशीत शून्य टिंबासारखं असतं ना?

जुनाबाजार
टिंब गाठींत विणायचं तर छोटा चौकोनच होणार, त्यावरून काही ठरत नाही. फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवा. आणि कड्यांवर टांगू नका. लव बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळा, वर धुतलेलं सुती कापड. प्लास्टिक नको, डांबरगोळ्या लवेला टेकवू नका, आणि वर्षातून दोनदा उलगडून कसर लागलीय का बघा.

नानबा
निघता निघता एक. इराणातल्या अगदी सुरुवातीच्या कामगार नियमांपैकी एक गालिच्यांच्या कारखान्यांसाठीच होता. १९२३ मध्ये केरमानला निघाला : आठ तासांचा दिवस, आठ वर्षांखालचे मुलगे आणि दहा वर्षांखालच्या मुली नकोत, तळघरात माग नको. नियम असे काढावे लागले यावरून त्याआधी काय चालत असेल ते बघा. बारीक गाठीला बारीक बोटं लागतात, हे व्यापारी कौतुकाने सांगायचे.

शिल्पकार_मनाचा
नानबा, हे केरमानचं सविस्तर लिहा. नियम पाळला गेला का, कोणी दबाव आणला, सगळं.

नानबा
वेगळा धागा काढतो. रविवारी.

तिरकस
कोणत्या वर्षीचा रविवार, चांद्र की सौर?